ढिगारा उपसणाऱ्यांची झोप

राज्यभरातून आलेले समुपदेशक, डॉक्टर, परिचारिका, आशाताई, अंगणवाडी सेविका, बचाव पथकांतले जवान, स्वयंसेवक बंधुभगिनींनो,

लातूर तुमचं मनापासून स्वागत करतं आहे. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेल्या पाण्यावर या शहरानं दिवस काढले. धावून येणाऱ्याची किंमत इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. दुपारी पंगतीला ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी आहे; भिडभाड न ठेवता जेवा.

स्वागताध्यक्षानं गावाचा इतिहास सांगावा, असा रिवाज आहे. मी एकाच पहाटेचा सांगतो. 30 सप्टेंबर 1993, तीन वाजून छप्पन्न मिनिटं: आपल्या जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप. गणपती बोळवून गावं नुकती झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. सरकारी नोंदीत जवळपास आठ हजार मृत्यू आहेत. मी तेव्हा त्या भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नवाच वैद्यकीय अधिकारी होतो. पावसात, पडक्या घरांच्याच तुळया आणि दारं ओढून चिता रचल्या जात होत्या. माझ्याकडे यादी करायचं काम होतं. नाव सांगायला घरातलं कुणी उरलेलं नसे. मग शेजारच्या वस्तीतलं माणूस वाकून चेहरा बघायचं आणि सांगायचं.

त्यानंतर दहा-बारा वर्षं विसर्जनाचा ढोल वाजू लागला की मी दारं-खिडक्या लावून घ्यायचो. आवाजाचा त्रास होतो, असं घरी सांगायचो. स्वतःलाही तेच सांगायचो. आमच्या केंद्रातल्या नर्सबाईंनी वर्षभरात नोकरी सोडली. अर्जावर कारण होतं, ‘घरगुती’. त्या अर्जावर शिफारशीची सही माझी आहे. सही करण्याआधी “बाई, झोप लागते का?” एवढं मी विचारलं नाही. ते आजही सलतं.

आज बोलायचं आहे ते अशा, मदतीला धावणाऱ्या माणसांबद्दल. वाचलेल्यांच्या मनाला आधार लागतो, हे देशाला भोपाळपासून हळूहळू उमगत गेलं. तिथं वायुगळतीनंतर साध्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मनाचे आजार ओळखायला शिकवलं गेलं. 2009 साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं मनोसामाजिक आधाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. 10 ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस, मोफत, मराठीतही उचलला जातो. हे सगळं मोलाचं आहे. पण माळीण, तळीये, इर्शाळवाडी इथं दरडीच्या चिखलातून देह काढणारा जवान दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ड्युटीवर जातो. पूरग्रस्तांच्या घरोघरी फिरणाऱ्या आशाताईचं स्वतःचं घरही पाण्यात गेलेलं असतं. तिचं रडणं कुणी ऐकायचं? आणि ऐकणाऱ्याचं मानधन, प्रवासखर्च कुठल्या लेखाशीर्षातून काढायचा?

लेखाशीर्ष हा शब्द रुक्ष वाटेल, पण सगळं अडतं ते इथंच. तीस वर्षं सरकारी नोकरी करून मी एवढं शिकलो की पैसा नसतो असं नाही. आपण तो संकट आल्यावर, घाईत, चुकीच्या खिडकीवर मागतो. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 साठी राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणीच आखून दिली. शंभरातले 20 रुपये आपत्तीची झळ कमी करण्याला, 80 प्रतिसादाला. आणि त्या 80 मधले 10 पूर्वतयारी व क्षमताबांधणीला. आपण क्षमता म्हटलं की होड्या, दोर, शिड्या मोजतो. रात्री दचकून न उठता पुन्हा कामावर जाता येणं, ही क्षमता नव्हे काय? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या वार्षिक आराखड्यात पथकातल्या माणसांसाठी समुपदेशनाचे दिवस लिहून मागा. जिल्हा नियोजन समितीकडे जा. कंपन्यांकडेही जा: कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत 2019 पासून आपत्ती व्यवस्थापन, मदत आणि पुनर्वसन हे सामाजिक दायित्वाचं काम म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. मात्र प्रस्तावात आकडे हवेत: किती माणसं, किती बैठका, गाडीभाडं किती, किती महिने. मी तर म्हणेन, दोन वर्षं तरी धरा. माझा ढोल पहिल्या महिन्यात वाजला नव्हता.

अजून एक विनंती. पथकातला माणूस समुपदेशकाकडे गेला, ही गोष्ट त्याच्या गोपनीय अहवालात जाणार नाही, असं लेखी ठरवून घ्या. नाहीतर निधी येईल, खोली उघडेल, आणि खुर्ची रिकामी राहील.

नोंदणीच्या टेबलावर प्रस्तावाचा मराठी नमुना ठेवला आहे. त्यात खाडाखोड करा, भर घाला, परवा निघताना आमच्याकडे द्या. उद्या सकाळी सात वाजता बस निघेल ती जुन्या किल्लारीच्या जागेवर जायला. आमच्या त्या नर्सबाईंना मी निरोप पाठवला होता. त्या येणार आहेत.