उत्पादक कंपनीचे कार्यालय : संगणकांची जोडणी आणि नोंदींची राखण



२००२ च्या कायदा दुरुस्तीमुळे शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. पुढे २०२० मध्ये केंद्र शासनाने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना हाती घेतली. आपल्यापैकी बरेच जण अशा एखाद्या कंपनीचे सभासद किंवा संचालक असतील. आज आपण कंपनीच्या छोट्या कार्यालयातील सर्व्हर आणि संगणकांची जोडणी कशी असावी, याची माहिती घेऊ.

हा विषय शेतकऱ्याचा कसा, असे कोणी विचारील. सोयाबीनच्या हंगामात दिवसाकाठी शंभर सभासदांचा माल येतो. प्रत्येकाचे वजन, ओलावा, कट्टे आणि दर संगणकात जातात. त्या संध्याकाळी संगणक बंद पडला आणि दुसरी प्रत नसेल, तर कोणाचे किती पैसे द्यायचे हे ठरवायचे कसे? यंत्र दुरुस्त होते, पण गेलेला विश्वास लवकर परत येत नाही.

१. गरज ओळखा : हिशेब एकच माणूस एकाच संगणकावर लिहीत असेल, तर सर्व्हरची गरज नाही. खरेदी काटा, हिशेबनीस आणि निविष्ठा विक्री केंद्र अशा तीन ठिकाणांहून एकाच खात्यात नोंदी होत असतील, तर सर्व्हर घ्यावा. चांगल्या प्रतीचा संगणकही हे काम करतो. मात्र त्यावर कोणी इतर काम करत बसू नये. त्याची जागा कोरडी, हवेशीर, धूळ व उंदरांपासून दूर आणि कुलपात असावी.

२. जोडणी : ठिबक संचात मुख्य वाहिनी, उपवाहिनी आणि नळ्या असतात, तशीच ही रचना आहे. बाहेरून आलेली इंटरनेटची लाइन राउटरला, राउटरवरून स्विचला आणि स्विचवरून प्रत्येक संगणकाला वेगळी केबल. जागा न बदलणारी यंत्रे केबलनेच जोडावीत. वाय-फाय मोबाइलपुरते ठेवावे आणि पाहुण्यांसाठी ते वेगळे असावे. कॅट-६ केबलची एक ओढ १०० मीटरपेक्षा जास्त नसावी. गोदाम वेगळ्या इमारतीत असेल तर अंतर कमी असले तरी फायबर केबल टाकावी. तांब्याच्या तारेतून विजेच्या कडकडाटात दाब येऊन दोन्हीकडची यंत्रे जळू शकतात. विजेची तार आणि ही केबल एका पाइपात घालू नये. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक लिहावा व त्याचा कागदी नकाशा भिंतीवर लावावा.

३. वीज : सर्व्हर, स्विच आणि राउटर हे तिन्ही यूपीएसवर असावेत. समजा तिघांचा मिळून भार १५० वॅट आहे. छोट्या यूपीएसमधील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा असते. कागदावर हा अर्धा तास दिसतो, प्रत्यक्षात त्याहून बराच कमी मिळतो. म्हणून हा वेळ काम चालू ठेवण्यासाठी नव्हे, तर सर्व्हर नीट बंद करण्यासाठी आहे, असे समजावे. अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे.

४. नोंदींची प्रत : सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. सर्व्हरमध्ये जोडीने चालणाऱ्या दोन डिस्क असल्या, की एक बिघडली तरी काम चालते. पण चुकून पुसलेली नोंद दोन्हींवरून पुसली जाते. म्हणून ती 'प्रत' नव्हे. नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत कार्यालयाबाहेर असावी. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही, तसेच हे आहे. प्रत घेतल्यावर बाहेरची डिस्क काढून ठेवावी. खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या डिस्कलाही कुलूप लावतो.

कायद्याचेही बंधन आहे. कंपनीचे हिशेब आठ वर्षे जपावे लागतात. ते संगणकावर असतील तर त्यांची प्रत रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवावी लागते. तसेच १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे.

महिन्यातून एकदा प्रतीवरून नोंदी दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहाव्यात. उगवण न तपासलेल्या बियाण्यावर आपण पेरणी करत नाही.

५. किल्ल्या : प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचे नाव व पासवर्ड द्यावा. नोकरी सोडताच तो बंद करावा. मुख्य पासवर्ड केवळ दुरुस्ती करणाऱ्याकडे राहू देऊ नये. तो बंद पाकिटात अध्यक्षांकडे असावा. विंडोज १० च्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, म्हणून असे जुने संगणक बदलण्याचे नियोजन करावे.

बंधू-भगिनींनो, ही सर्व कामे हंगामाआधी उरकावीत. आणि आपण केवळ सभासद असाल, तरी येत्या सर्वसाधारण सभेत एकच मागणी करा : "कालच्या प्रतीवरून माझ्या मालाची पावती काढून दाखवा." ती निघाली तर आपले कार्यालय व्यवस्थित आहे. निघाली नाही, तर दुसऱ्या दिवसापासूनच कामाला लागा.