अंश कशाचा? मुळाचा की शेषाचा?



गणितावर बोलण्याचा अधिकार माझ्यासारख्या कला शाखेच्या पदवीधराला नाही, हे प्रारंभीच मान्य करतो. तथापि शाब्दिक उदाहरणात विद्यार्थी जेथे अडखळतो, नेमकी तेथेच आपण प्रौढ माणसे व्यवहारात ठेच खातो; म्हणून हे धाडस.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये सिद्ध केलेल्या 'लीलावती'त एका यात्रेकरूचे उदाहरण आहे. त्याने आपल्या धनाचा अर्धा भाग प्रयागला दान केला. उरलेल्याचे दोन नवमांश काशीला दिले. पुन्हा उरलेल्याचा चतुर्थांश वाटेत जकातीपायी गेला. त्यातून जे उरले त्याचे सहा दशांश गयेला वेचले. घरी परतताना हाती ६३ निष्क राहिले. तर मूळ धन किती?

विद्यार्थी घाईने चारही अपूर्णांकांची बेरीज करतो आणि ती एकाहून अधिक भरते! म्हणजे जवळ होते त्याहून जास्त धन यात्रेकरूने वेचले म्हणायचे. बेरीज बरोबरच असते. 'उरलेल्याचे' हा शब्द तेवढा वाचायचा राहून गेलेला असतो.

शिक्षकांनी येथे मुलांना शेवटाकडून मागे न्यावे. गयेनंतर दहांपैकी चार भाग उरले, ते ६३. म्हणून गयेला पोहोचताना १५७.५ होते. हे जकातीनंतरचे तीन चतुर्थांश, म्हणून जकातीपूर्वी २१०. ते काशीनंतरचे सात नवमांश, म्हणून काशीपूर्वी २७०. आणि प्रयागपूर्वी त्याच्या दुप्पट, ५४० निष्क.

आता कर्जाच्या कागदाकडे वळू. समजा, १२,००० रुपयांचे कर्ज दरसाल दर शेकडा १२ व्याजाने घेतले आणि दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडून वर्षात संपवायचे ठरले. व्याज मूळ रकमेवर धरले तर वर्षाचे १,४४० रुपये होते. शिल्लक रकमेवर धरले तर पहिल्या महिन्यात १२०, दुसऱ्यात ११०, मग १००, असे उतरत शेवटी १०. या उतरत्या ओळीची बेरीज करण्यास पाटीचीही गरज नाही. पहिली व शेवटची संख्या मिळून १३०, दुसरी व शेवटून दुसरी मिळूनही १३०. अशा सहा जोड्या, म्हणजे ७८० रुपये. दर तोच, मुदत तीच, आणि अंतर ६६० रुपयांचे!

मी स्वतः एकदा असाच कागद न वाचता त्यावर सही केली आहे, तेव्हा हे उपदेशाच्या सुरात सांगण्याचा मला हक्क नाही. एवढेच सुचवितो की, सहीपूर्वी विचारावे, 'व्याज मूळ रकमेवर की शिल्लक रकमेवर?' पहिल्या प्रकारात बाराव्या महिन्यात देणे फक्त १,००० रुपये उरलेले असते आणि त्या एका महिन्याचे व्याज घेतात १२० रुपये. त्या महिन्यापुरता तो दर शेकडा १२ झाला. दरसाल नव्हे, दरमहा.