दुसरा कोणता?

मराठींतील 'दुसरा' हा एकटा शब्द किती ओझें वाहतो, हें इंग्रजी बोलावयाची वेळ आली म्हणजे ध्यानांत येतें. समजा, आजाऱ्याच्या उशाशीं औषधाच्या दोन बाटल्या आहेत. एक पोटांत घेण्याची, एक अंगास चोळण्याची. पहिली हातांत घेऊन आपण इंग्रजींत दुसरी मागितली. 'दि अदर' म्हटलें, तर उरलेली, म्हणजे चोळण्याची बाटली पुढें येईल. 'अनदर' म्हटलें, तर ऐकणारा बहुधा त्याच औषधाची आणखी एक बाटली शोधूं लागेल. मराठींत दोन्ही ठिकाणीं 'दुसरी' चालून जातें.

तेव्हां नियम घोकण्यापूर्वीं मनाला दोन प्रश्न विचारावे. डोळ्यांसमोर वस्तु दोनच आहेत कीं अधिक? आणि हवी असलेली वस्तु ठरलेली आहे, कीं कोणतीही चालेल? दोहोंतली उरलेली ती 'दि अदर'. पुष्कळांतली आणखी कोणतीही ती 'अनदर'. या शब्दांत 'अॅन' आधींच मिसळलेला असल्यामुळें 'दि अनदर' असें कधींच होत नाहीं. दोहोंपैकीं कोणतीही चालत असेल तर 'आयदर', पुष्कळांपैकीं असेल तर 'एनी'. नकारांत अनुक्रमें 'नायदर' आणि 'नन'.

दोन आणि अनेक यांतील हा भेद आपणांस परका वाटावयास नको. संस्कृतांत दोहोंतला कोणता तो 'कतर', पुष्कळांतला तो 'कतम'. पाणिनीनें त्यांसाठीं निरनिराळे प्रत्यय सांगितले आहेत. इंग्रजी 'व्हेदर' हा या 'कतर'चाच भाऊबंद, आणि 'आयदर'च्या पोटांत तोच दडलेला आहे. मराठीनें मात्र द्विवचनाबरोबर हा बारकावाही टाकून दिला. गंमत अशी कीं, जुन्या इंग्रजींत 'अदर'चा अर्थ क्रमानें दुसरा असाही होई; 'सेकंड' हा शब्द फ्रेंचांतून मागाहून आला. त्या जुन्या अर्थाची खूण 'एव्हरी अदर डे' या प्रयोगांत राहिली आहे. त्याचा अर्थ एक दिवसाआड. डॉक्टरांच्या चिठ्ठींतील हे शब्द नीट न वाचतां गोळी रोज दिली, तर औषध दुप्पट होतें!

'आयदर' तर मोठा फसवा. रस्त्याच्या 'आयदर साइड'ला झाडें आहेत, म्हणजे तीं दुतर्फा आहेत. पण बँकेंत अर्थ फिरतो. पतिपत्नींचें खातें 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असेल, तर कोणाही एकाच्या सहीनें पैसे निघतात, आणि एकाच्या पश्चात् ते राहिलेल्यास मिळतात. तेंच 'जॉइंटली' असेल, तर दोघांच्या सह्या लागतात. यजमान परगांवीं आणि घरांत पैशाची निकड, अशा वेळीं गृहिणीची एकटीची सही कांहीं कामाची नाहीं. पुष्कळ घरांत हा अर्ज यजमान परभारें भरून टाकतात. आपल्या खात्यावर यांपैकीं कोणता शब्द आहे, तें पासबुक काढून एकदां पाहावें.