लहान कार्यालयाचे दप्तर आणि नवी साधने



कार्यालय लहान असले तरी त्याचे दप्तर लहान नसते. दोन टेबले, एक कपाट आणि एक लिपिक एवढ्यावर चालणाऱ्या कार्यालयातील कागदावर एखाद्याचे शिक्षण, घर वा निवृत्तिवेतन अवलंबून असते.

वसई तालुक्यातील माणिकपूरचे उदाहरण बोलके आहे. नवघर-माणिकपूर ही एके काळी स्वतंत्र नगरपरिषद होती. ३ जुलै २००९ रोजी ती वसई, विरार व नालासोपारा या नगरपरिषदा आणि भोवतालच्या गावांसह वसई-विरार शहर महानगरपालिकेत विलीन झाली. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. घर तेच, रस्ता तोच. परंतु कागदावरील संस्था बदलली आणि जिल्हाही बदलला. अशा ठिकाणी माजी विद्यार्थी शाळेकडे जुना दाखला मागतो किंवा सभासद गृहनिर्माण संस्थेकडे जुन्या करपावतीची चौकशी करतो, तेव्हा "शोधून ठेवतो, पुढच्या आठवड्यात या" हे उत्तर त्याला एका दिवसाची मजुरी गमावण्यास लावते.

यावरील पहिला उपाय खर्चाचा नाही. महत्त्वाच्या कागदाची प्रतिमा साध्या भ्रमणध्वनीनेही घेता येते. मात्र प्रतिमा घेणे म्हणजे दप्तर लावणे नव्हे. प्रत्येक प्रतिमेस वर्ष, विषय व आवक क्रमांक असे नाव द्यावे आणि तोच क्रमांक संगणकावरील आवक-जावक तक्त्यात नोंदवावा. तरच कागद क्षणात सापडतो.

दुसरी बाब लिपीची. जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलिखित केलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात, हा अनुभव अनेक कार्यालयांचा आहे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला त्यात स्थान आहे. युनिकोडमधील मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येतो व शब्द देऊन शोधताही येतो. राजभाषेतील कारभार पुढील पिढीस वाचता यावा, यासाठी ही सवय अत्यावश्यक होय.

तिसरी बाब सुरक्षिततेची. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई परिसर जलमय झाला आणि रेल्वेवाहतूक खंडित झाली. तळमजल्यावरील कपाट आणि त्याच खोलीतील संगणक अशा वेळी एकाच संकटात सापडतात. म्हणून एक प्रत कार्यालयाबाहेर व एक ऑनलाइन साठवणुकीत असावी. संकेतशब्द एकाच कर्मचाऱ्याच्या स्मरणात न ठेवता मोहोरबंद पाकिटात प्रमुखाकडे ठेवावा. बदलीच्या वेळी कार्यभाराबरोबर तो सुपूर्द करून लगेच बदलावा. नागरिकांची आधारपत्रे मात्र समाजमाध्यमांच्या गटांत कदापि पाठवू नयेत.

शासकीय ऑनलाइन सेवांचाही कार्यालयांनी उपयोग करावा. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर पुन्हा सही-शिक्क्याची आवश्यकता नसते. डिजिलॉकरमध्ये संबंधित संस्थेने दिलेला दस्तऐवज मूळ दस्तऐवजासमान मानला जातो. तरीही छायाप्रतींचा आग्रह धरणे म्हणजे नागरिकाला विनाकारण हेलपाटे घालायला लावणे होय. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. 'आपले सरकार' संकेतस्थळावर केलेल्या अर्जाचा क्रमांक अर्जदारास देणे व तो जपून ठेवण्यास सांगणे, एवढेही त्याला मोठे साहाय्य ठरते.

तथापि वीज जाते, जाळे खंडित होते. अशा वेळी नोंदवही हाताशी असावी आणि वीज येताच तिच्यातील नोंद तक्त्यात उतरावी. ज्येष्ठ नागरिकास "ऑनलाइन करा" एवढेच सांगून परत पाठवू नये. त्याचा अर्ज भरून देणे हेही कार्यालयाचेच काम आहे.

सारांश, यंत्र किती नवे आहे यापेक्षा नागरिकाचे किती हेलपाटे वाचले, हीच लहान कार्यालयाच्या सुधारणेची खरी कसोटी होय.