सगळे एकाच खुंटीला नको

आमच्या सल्ला केंद्रात बाईची हकिगत ऐकून झाली की मी तिला चार प्रश्न विचारते. घर कोणाच्या नावावर? बँकेचे व्यवहार कोण बघते? मोबाइलचे सिमकार्ड कोणाचे? तुमचे कागद कोणाच्या कपाटात? बहुतेक वेळा चारही उत्तरे एकच येतात: "ह्यांच्या."

नवरा चांगला की वाईट, हा इथे मुद्दाच नाही. चांगला नवराही आजारी पडतो, अपघातात जातो. सारा संसार एकाच खुंटीला टांगलेला असला, की ती निखळताच सगळे खाली येते. मारहाण सोसणारी बाई 'जाऊ कुठे?' म्हणते, त्याचेही कारण हेच असते.

२०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये थेट बाईच्या खात्यात येऊ लागले. पण ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर येत असेल आणि एटीएम कार्ड त्याच्या खिशात असेल, तर ते खाते तिचे कसे?

कायद्याने आपल्याला दुसऱ्या खुंट्या दिल्या आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने, घर नावावर नसले तरी त्यात राहण्याचा हक्क दिला. हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. आणि आपण? भावाचे मन दुखावू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतो. दुसरी खुंटी आपल्याच हाताने उपटतो.

म्हणून सुरुवात लहान गोष्टींपासून करू या. स्वतःच्या नावाचे सिम. स्वतःचे वेगळे खाते. कागदांच्या झेरॉक्स घराबाहेर, विश्वासाच्या मैत्रिणीकडे. दोन फोन नंबर तोंडपाठ, शिवाय १८१ ही महिला हेल्पलाइन.

आता थोडे आपल्याबद्दल. बचत गटाच्या खात्याला एकीपेक्षा जास्त सह्या लागतात, त्या उगाच नाही. तरीही कोऱ्या चेकवर सह्या करून ते अध्यक्षांकडे देणारे गट मी पाहिले आहेत. एका ताईंशिवाय बैठक होत नाही, एकच देणगीदार थांबला की केंद्राला कुलूप, अशा संघटनाही आहेत. स्वावलंबन म्हणजे एकटीने उभे राहणे नव्हे. टेकायला चार जागा असणे, आणि त्यातली एक गेली तरी उभे राहता येणे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने त्या चार प्रश्नांची उत्तरे लिहून आणावीत. संघटनेचीही उत्तरे आपण तिथेच लिहू.