दुःखाला चाल हवी



संमेलनाच्या अध्यक्षानं किती बोलावं याला आपल्याकडे मर्यादा नाही. पण जेवणाची पंगत कोणासाठी थांबत नाही, म्हणून एकच मुद्दा मांडतो.

गीतकाराच्या मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असतो : हे गाणं तुम्ही कोणासाठी लिहिलंत? गाण्यामागे एखादा विरह, एखादा मृत्यू सापडला की विचारणाऱ्याचं समाधान होतं. प्रेमातून, दुःखातून गाणं येतं हे खरंच आहे. पण दुःख घरोघरी येतं आणि गाणं फार थोड्या घरांत होतं. मधे काय घडतं, ते कोणी विचारत नाही.

इंदिरा संतांकडे पाहा. १९४० साली ना. मा. संत आणि इंदिराबाई या पतिपत्नींचा ‘सहवास’ हा संयुक्त काव्यसंग्रह निघाला. १९४६ मध्ये ना. मा. गेले. पदरात तीन लहान मुलं. त्यानंतरचा ‘शेला’ आला १९५१ साली. पुढे ‘मेंदी’ आणि ‘मृगजळ’. या कवितांत आक्रोश नाही. पाऊस, संध्याकाळ, घरातली रोजची वस्तू यांच्या आडून ती बाई बोलते, आणि गेलेला माणूस ओळीओळीत असतो. मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. दोघांच्या सहवासात कवितेची जी भाषा घडली, तीच पुढे एकटीच्या कामी आली. प्रेमानं आधी हात तयार केला होता. दुःख त्या तयार हाताशी आलं.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐन तारुण्यात वैधव्य आलं. त्यावरच्या त्यांच्या गाण्यात त्या कपाळाकडे, हाताकडे थेट पाहतात, आणि शेवटी भविष्य सांगायला आलेल्या जोतिषाला दारातूनच परत पाठवतात. एवढा ताठपणा नुसत्या रडण्यातून येत नाही. त्यांच्या ओठांवर ओवीची चाल लहानपणापासून होती. माहेरी, आसोद्याच्या शेतात आणि जात्यावर ती रुळली होती. दुःख आलं तेव्हा त्याला बसायला जागा तयार होती. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ती गाणी टिपून ठेवली, आचार्य अत्र्यांनी ती वही पाहिली, आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या होत्या. स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या; त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. सासुरवास, भावाची वाट, मेलेलं मूल, विठ्ठल, सगळं त्यात आहे. त्या बायकांना कोणी कवयित्री म्हटलं नाही. पण पहाटेच्या दळणाला लय होती आणि लयीला शब्द हवे होते, म्हणून मनातलं बाहेर पडलं. दळण गिरणीत गेलं, बायकांचे कष्ट वाचले, ते बरंच झालं. त्याबरोबर बोलायची एक जागाही गेली, हे मात्र नोंदवायला हवं. इंदिराबाईंनी उतारवयात ‘मालनगाथा’ सिद्ध केली ती अशाच ओव्यांसाठी. मराठीतली इतकी मोठी कवयित्री त्या अनाम बायकांकडे वळली, यात मला आश्चर्य वाटत नाही.

आणि दुःख स्वतःचंच असायला हवं असंही नाही. ‘कल्पवृक्ष कन्येसाठी’ हे गाणं पी. सावळाराम यांचं, चाल वसंत प्रभूंची, आवाज लताबाईंचा. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये गेले तेव्हा लता बारा वर्षांची होती. त्या गाण्यातली पोरकी लेक कोण, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण शब्द तिचे नाहीत. दुसऱ्याच्या घरातलं दुःख आपल्या लेखणीवर घेणं, हाच गीतकाराचा धंदा. गोविंदाग्रजांनी ‘राजहंस माझा निजला’ लिहिली, तीही एका आईच्या तोंडून. ज्याला फक्त स्वतःचीच जखम दिसते, तो चार गाणी लिहील. पाचव्या गाण्याला अडेल.

म्हणून नव्या गीतकारांना सांगतो : प्रेमभंग झाला म्हणून लगेच वही उघडू नका. ओवी, अभंग, पादाकुलक हाताखाली घाला, चालीवर शब्द बसवायचा सराव करा. वेळ येईल तेव्हा ते कामाला येतं. मुलाखतकारांनी ‘कोणासाठी’ हा प्रश्न आता बंद करावा. ‘कसं’ हे विचारावं.

संयोजकांकडेही एक मागणं आहे. पुढच्या संमेलनात सत्कार दोन कमी झाले तरी चालतील. तो वेळ आणि तो खर्च आपापल्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडे वळवा. त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करा आणि प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव आणि गाव लिहा. या कामाला माणसं हवीत. नावं आज जेवणाआधी माझ्याकडे द्या.