गोठलेली तोटी



पाणी गोठतांना फुगतें, हा धडा मीं शाळेंत तीस वर्षें शिकविला. चार अंशांपर्यंत निवतांना पाणी आकसतें, त्याखालीं उलट पसरूं लागतें, आणि त्याचें बर्फ होतांना आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें, हें मुलांकडून घोकून घेण्यांत मीं कधीं कसूर केली नाहीं. तोच धडा उतारवयांत कॅनडामध्यें मला नव्यानें गिरवावा लागला, आणि त्याची फी माझ्या मुलानें भरली.

मुलगा कॅलगरी शहरीं नोकरीस आहे. त्या मुलखांत उन्हाळा थोडका. म्हणून सुटी मिळाली कीं लोक मोटारीमागें ट्रेलर, म्हणजे चाकांवरचें लहानसें घर, जोडून बॅन्फच्या डोंगरांत मुक्कामास जातात. आंत बिछाने, शेगडी, पाण्याची टांकी आणि हातभर जागेंत न्हाणी. न्हाणींत ऊन व थंड पाणी एकत्र करणारी तोटी आणि तिला लवचिक नळीनें जोडलेला फवारा. चिखलाचे पाय धुण्याकरितां बाहेरच्या अंगासही, एका लहानशा झांकणामागें, दुसरा फवारा असतो. मुलानें असा एक जुना ट्रेलर हप्त्यांनीं घेतला होता.

आपल्याकडे महाबळेश्वरास वेण्णा तलावाकांठीं एखाद्या पहाटे दंव गोठलें तर वर्तमानपत्रांत छायाचित्र येतें. तेथें उणे २० अंशांच्या रात्रींचें कोणास कौतुक नाहीं. सप्टेंबर लागला, मुलगा परगांवीं होता. "बाबा, ट्रेलरमधलें पाणी तेवढें काढून टाका," असें त्यानें कळविलें. मीं टांकीचें बूच काढलें, पाणी घळघळा वाहून गेलें, आणि काम झालें अशा समजुतीनें मी घरांत आलों. आपला हंडा पालथा केला कीं रिता होतो. यांत विचारावयाचें तें काय?

परंतु नळी म्हणजे हंडा नव्हे. पाण्यांत बुडविलेल्या कांचनळीच्या वरच्या तोंडावर बोट ठेवून ती उचलली, तर पाणी आंतच राहतें, हा प्रयोगही मींच वर्गांत करून दाखवीत असें. बंद तोटी म्हणजे तें बोट होय. वरून हवा शिरत नाहीं, म्हणून पाणी खालीं उतरत नाहीं. शिवाय ट्रेलरचें वजन कमी असावें म्हणून ह्या तोट्यांचें अंग पुष्कळदां पितळेऐवजीं प्लॅस्टिकचें करतात. बर्फ आधीं नळींत धरतें आणि उरलेलें पाणी बंद तोटीकडे रेटतें. पाणी दाबलें जात नाहीं. नळी मऊ असल्यास थोडी ताणते, तोटीचें कठीण अंग मात्र तडकतें. हा जोर केवढा असतो तें १७८४-८५ च्या हिंवाळ्यांत कॅनडांतच, क्वेबेक येथें, तोफखान्याचे मेजर एडवर्ड विल्यम्स यांनीं पाहिलें होतें. लोखंडी बाँबगोळ्यांत पाणी भरून, तोंडास बूच ठोकून त्यांनीं ते थंडींत ठेवले. बुचें दूरवर उडालीं, कांहीं गोळे तर फुटले. तेथें प्लॅस्टिकच्या तोटीचा काय पाड!

ह्या हानीचें दुष्टपण असें कीं ती हिंवाळाभर गप्प बसते. तडेवरच बर्फ दट्ट्यासारखें घट्ट असतें. मे महिन्यांत आम्ही टांकी भरली, सूनबाईनें पंप सुरू केला, न्हाणींतल्या तोटीच्या पोटांतून पिचकारी उडाली. ती दिसली म्हणून थांबवितां आली. बाहेरच्या फवार्‍याची तोटी भिंतीच्या आंतल्या बाजूस फुटली होती, तें जमिनीची फळी मऊ लागूं लागली तेव्हां समजलें. तोटी बदलणें एका दुपारचें काम. भिजलेली फळी उपटून बदलण्यांत मुलाचा सगळा उन्हाळा गेला. तो मला एक शब्दही बोलला नाहीं. बोलला असता तर बरें झालें असतें.

शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं मला खरी रीत दाखविली. टांकीबरोबर सर्वांत खालच्या नळ्यांचीं बुचें काढावीं. पाणी तापविण्याचें पात्र निवल्यावर रितें करावें. मग ऊन आणि थंड दोन्ही तोट्या उघड्या टाकाव्या, बाहेरच्याही. एकच दांडा असेल तर तो मधोमध ठेवावा. फवारा खुंटीवरून काढून जमिनीवर सोडावा, म्हणजे नळींतलें पाणी उतरतें. नंतर बेताच्या दाबाची हवा फुंकावी, किंवा ट्रेलरकरितां मिळणारें न गोठणारें गुलाबी द्रव पंपानें खेळवावें, आणि प्रत्येक तोटींतून गुलाबी धार येईपर्यंत हलूं नये. मोटारीच्या इंजिनाचें शीतक द्रव मात्र वापरूं नये. तें बहुधा विषारी असतें. न्हाणीच्या मोरीखालीं, वास अडविण्यासाठीं, वांकड्या नळींत पाणी सांचलेलें असतें. तेथेंही वाटीभर गुलाबी द्रव ओतावें.

गेल्या सप्टेंबरांत मी इकडे रत्नागिरीस होतों. मुलाचा दूरध्वनि आला. इकडचीं तिकडचीं बोलणीं झाल्यावर मीं विचारलें, "बाहेरचा फवारा?"

"गुलाबी आला, बाबा," तो म्हणाला, आणि बर्‍याच दिवसांनीं आम्ही दोघेही हंसलों.